सालं ठेवली, वाल टाकले

भिवपुरी, ता. ९ फेब्रुवारी

चि. विपुल यास अ. उ. आ.

मी सोनुबाई, तुला लहानाचा मोठा करणारी आजी. विसरला असशील म्हणून ओळख दिली. दहा दिवसांच्या ध्यानशिबिराला खालापूरला गेलास, त्याला आज पस्तीस दिवस झाले. मोजायलाही विसरलास वाटतं. तिथं मोबाइल कपाटात कोंडतात म्हणून हा कागद दुधाच्या टेंपोवाल्या धनेशकडे देते. मी सांगते, तुझी बायको हर्षला लिहिते. मला अक्षर येत नाही, तेव्हा ती काय लिहिते ते देवाला ठाऊक.

मनाला जाग आल्याशिवाय येणार नाही, अजून सहा महिने राहणार, असा तुझा निरोप आला. अरे, इथं तुला आठ वाजता उठवायला दोन माणसं लागायची!

गाय व्याली, पाडी झाली. हर्षलाने पिशवी भरून खुंटीला टांगली आहे. सतराला, सोमवारी, चौकला माहेरी जाते म्हणते. भांडण नाही, रडणं नाही, त्याचीच मला भीती वाटते. ही ओळ ती लिहीत नव्हती. मी कागदावर बोट ठेवून बसले आहे.

माया आहे, ती पुरवून वापर.

तुझी आजी

खालापूर, ता. १२ फेब्रुवारी

ती. आजीस शि. सा. न. वि. वि.

इतके दिवस नुसता श्वास बघतोय. काल गुरुजींनी स्वयंपाकघरात मोड आलेले कडवे वाल सोलायला बसवलं. मी मन श्वासावर ठेवून तासभर सोलले. भांडं बघून गुरुजी पोट धरून हसले. सालं भांड्यात होती, वाल कचऱ्यात. म्हणाले, श्वास राहू दे, हातातलं बघ.

मग एकेक बघून सोलला. बोटांची टोकं सुरकुतली, आणि एकदम हर्षलाची बोटं दिसली. चार वर्षं दर सोमवारी बिरडं ओरपतोय. वाल कोण सोलतं, ते कधी बघितलंच नाही. पुढं श्वासाचीही आठवण राहिली नाही. उठलो तेव्हा दुपार झाली होती.

आता इथं थांबण्यासारखं काही नाही. येऊ का, एवढं तिला विचार.

तुझ्या रागालोभाचा धनी,
विपुल

भिवपुरी, ता. १४ फेब्रुवारी

चि. विपुल यास अ. उ. आ.

पत्र हर्षलाने वाचून दाखवलं. बोटांपाशी आली आणि थांबली. पुढं काय विचारलं, तर म्हणे अक्षर लागत नाही. मग ते न लागणारं अक्षर तिने मनातल्या मनात तीनदा वाचलं.

सदतीस दिवस बसून माणसाला स्वतःची बायको दिसली, तर शिबिर वाईट नाही रं. तुझे आजोबा एकेचाळीस वर्षं माझ्यासमोर बसून जेवले. त्यांना आमटीत मीठ कमी तेवढंच दिसायचं.

येऊ का, ते विचारलं. ती म्हणाली, कागदावर कोणीही काहीही लिहील, आधी बिरडं करून दाखवू दे. पिशवी अजून खुंटीलाच आहे.

आशीर्वाद आहेतच, अक्कल तुझी तू आण.

तुझी आजी

ता. क. सोमवारच्या आत धनेशच्या टेंपोतून बिरडं पाठव. ओलं खोबरं सढळ, गूळ बेताने. डबा किती माणसांचा, हे मी हर्षलाला विचारलं. घरात आम्ही दोघीच, तरी ती तिघांचा म्हणाली. तेव्हा तिघांचं पाठव.