एकसुळ्यासाठी मिंचू

११ सप्टेंबर
कुत्री आणली. सीमेपलीकडे, कर्नाटकात, शिकारी कुत्री पाळणाऱ्या मल्लप्पाच्या वस्तीवरून. कारवानी जातीची, साडेतीन महिन्यांची, नुसते पाय आणि बरगड्या. एसटीत कंडक्टर म्हणाला, "आजारी हाय का वो?" म्हटलं, आजारी नाही, शिकारी आहे. शेजारची बाई उठून पुढं जाऊन बसली.
नाव मिंचू. कानडीत वीज. मल्लप्पानंच ठेवलंय.
त्यानं विचारलं, कशाला पायजे? शर्यतीला? खरं ते सांगितलं. रानडुकरासाठी. एकाच डुकरासाठी. त्यानं तंबाखू मळून तोंडात टाकली. मग म्हणाला, "आदी बिडू शिकव. मग हिडी. उलटं करू नको." बिडू म्हणजे सोड, हिडी म्हणजे धर. हो हो म्हटलं. मला घाई आहे हे त्याला कुठं सांगत बसू.

१४ सप्टें.
शहरात भवानी पेठेत बहिणीकडे, अक्काकडे जाऊन आलो; दवाखाना जवळ म्हणून आमचे वडील, आबा, तिथंच आहेत. आबांच्या मांडीतली जखम अजून ओली. हाडात सळई आहे, डॉक्टर म्हणतात संक्रांतीपर्यंत हलवू नका. जन्म मेंढरांमागं गेला आणि आता खाटेवर पडून खालच्या यंत्रमागांची खडखड ऐकतात. भाचीनं टीव्हीवर मालिका लावून दिली तर म्हणाले, बंद कर, त्येंचं भांडान मिटंना झालंय.
डुकराचा विषय मीच काढला. एकच सुळा होता, एवढं त्यांना पक्कं आठवतं. "मक्यात मी शिरलो, त्ये बी शिरलं. वाट एकच हुती. त्यानं मला बगितलं बी नसंल."
बघितलं नसेल म्हणे! मांडी फाडली, हाड मोडलं, ऑगस्टच्या भर पावसात दोन तास चिखलात पडले होते. आणि त्याचीच बाजू घेतात. मला राग आला, पण आजारी माणसावर काय रागवायचं. परत येताना एसटीत दात दुखेपर्यंत आवळले होते, ते उतरल्यावर कळलं.

२३ सप्टें.
ग्रामपंचायतीची ड्यूटी, गावाच्या नळांना सकाळचं पाणी सोडलं (वरच्या गल्लीची तक्रार नेहमीचीच), मग रानात. काठीला दोरी, दोरीला चिंधी. मिंचू पहिल्यांदा नुसती बघत बसली. चौथ्या फेरीला उडाली ती थेट चिंधीवर. वा!
खाणं: ज्वारीची भाकरी ताकात, दिवसाआड अंडं. अंड्यावरून सुरेखा बोलली. "माज्या बाळंतपणात न्हाई आणली इतकी." खरं आहे.

२ ऑक्टो.
चिंधी बंद. आबांची घोंगडी काढली. त्या दिवशी पावसात अंगावर होती तीच. धुतलेली नाही, मी धुऊ दिली नाही. रक्त वाळून कडक झालंय, आणि त्या जनावराचे दोनचार राठ केस चिकटलेत. आत कडबा भरून शिवली. काळी, बुटकी, पाठीला फुगलेली. लांबून डुक्करच.
सुरेखा म्हणाली, "जाळा तरी, न्हाईतर धुवा तरी. घरात नगं." रानातल्या छपरात ठेवलीय. कुत्रीही तिथंच.

१९ ऑक्टो.
बिडू दोन दिवस करून बघितलं. सोडते, पण मग कान पाडून बसते, पुन्हा धरायला मन लावत नाही. बंद केलं. सोडायला शिकवलं की धरण्यातला जोर जातो, असं माझं मत. मल्लप्पाचं मत मल्लप्पाकडे.

८ नोव्हें.
नांगरटीत पळवतो, तळवे टणक झालेत. छाती भरलीय. गावातली पोरंटोरं बघायला येतात. सरपंचांचा भाऊ म्हणाला, "व्हॉल्व्हवाल्या, कायदा हाय बरं, डुक्कर मारायला परवानगी लागती." कायदा मला माहीत आहे. कुत्रीला माहीत नाही.

२१ नोव्हें.
भुईमुगाच्या रानात खूर. मोठे. शेंगा उकरून टरफलं टाकलीत, एकसुळ्याच असणार. मिंचूला वास दिला. लाडात आली नुसती, माझाच हात चाटत बसली.
लिहूनच टाकतो. त्या दिवशी आबा म्हणाले होते, चल मक्याकडं, एकल्याला जाववंना. मी म्हटलं, तुमी व्हा पुढं, पाणी सोडून आलोच. पाणी अर्ध्या तासात सोडून झालं होतं. नंतर स्टँडवर चहा पीत बसलो. दोन चहा, वर गप्पा. हे कुणालाच सांगितलेलं नाही. सुरेखालाही नाही.
त्या डुकराला मारलं की हे संपेल असं वाटतं. न संपलं तरी मारणारच.

१५ डिसें.
आज घोंगडी मोटरसायकलला बांधून बांधाबांधानं ओढली. "हिडी!" म्हटल्याबरोबर तीन उड्यांत गाठली. मानगुटीला धरून अशी झाडली की टाके उसवले, कडबा बाहेर. तोंड उघडायला दातांत काठी घालावी लागली. अंगावर काटा आला माझ्या. आनंदानं.
घरी गुणगुणत गेलो. सुरेखानं विचारलं, पगार वाढला का?

३ जाने.
संध्याकाळी एकसुळ्या ओढ्याकडे दिसला. लांब होता, पण तोच. बसका, मस्तवाल, सावकाश चालणारा. हरामखोर. उजेड कमी म्हणून मिंचूला सोडली नाही. ज्वारी हुरड्यात आलीय, आता रोज येणार. येऊ दे. संक्रांत झाली की बघतो त्याच्याकडे.

१६ जाने.
आबा आले! अक्कानं जीप करून आणून सोडलं. काठी घेऊन स्वतः उंबरा ओलांडला. अंगणात उभे राहून सगळीकडे बघत राहिले, मग म्हणाले, "हितं हवा हाय बाबा." सुरेखानं ओवाळलं. मी तोंड फिरवलं.
कुत्रीचं सांगितलं. उद्या दाखवतो म्हटलं. ते हसले. "म्हंजी मला आता राखणदार आणलास व्हय?"

१७ जाने.
लिहवत नाही. पण लिहितो.
मी व्हॉल्व्हवर. आबांना धीर निघाला नाही, एकटेच काठी टेकत रानाकडे निघाले. हुरडा बघायला. थंडी होती म्हणून अंगावर घोंगडी. दुसरी, नवी. मिंचू छपरात मोकळी.
रानातून सुरेखाचा फोन. पळालो. ती एका हातानं कुत्रीची मान दाबून बसलेली, दुसऱ्यानं जबडा ओढतेय. आबा खाली. डावा हात कोपराशी कुत्रीच्या तोंडात. आबा ओरडत नव्हते, हळूच म्हणत होते, "सोड गं बाई, सोड." मी बिडू बिडू ओरडलो. दोनच दिवस ऐकलेला तो शब्द, तिला कुठला आठवतोय. शेवटी दातांत काठी घातली.

१८ जाने.
एकोणीस टाके. इंजेक्शनं आणखी घ्यायचीत. हाड वाचलं. मांडीची सळई हलली नाही हे नशीब.
अक्का दवाखान्यात सगळ्यांसमोर म्हणाली, "तुला डुक्कर मारायचं हुतं का बाप?" नर्स बघत राहिली. 

२० जाने.
मल्लप्पा आला. मी बोलावला नव्हता, त्याला कळलं. छपरात जाऊन फाटकी घोंगडी हातात घेतली, नाकाला लावली. मग आबांच्या खाटेजवळ गेला, त्यांच्या धोतराचा वास घेतला. माझ्याकडे वळून म्हणाला, "चार महिने हे वास दिला तू. हे धर, हे धर. तिनं धरला. कुत्रीचं काय चुकलं, सांग."
मी म्हटलं, त्यात डुकराचे केस होते. म्हणाला, "चार केस. बाकी पुरा म्हातारा."
कुत्री परत नेतो म्हणाला. रविवारी.
घोंगडी जाळली. आता जाळली.

२२ जाने.
गावातले तिला मारून टाक म्हणतात. दोघं तर काठ्या घेऊनच आले होते, त्यांना हाकलून दिलं. तिच्यावर हात उचलायचा तर माझ्यापासून सुरू करा म्हटलं.
राग कमी झालेला नाही. झाला असता तर बरं होतं. रात्रंदिवस तोच एक सुळा दिसतो. एवढं सगळं झालं आणि तो मजेत हुरडा खातोय.

२३ जाने.
आबांनी मिंचूला खाटेपाशी आणायला लावलं. मी पट्टा गच्च धरून. ती गुरगुरली, मग थांबली. आबांनी उजव्या हातानं भाकरीचा तुकडा खाली टाकला. मग दुसरा, थोडा जवळ. पाचवा तिनं हातातून घेतला. 
सुरेखा पाणी आणायला गेली तेव्हा आबा म्हणाले, "त्या दिवशी तू ष्टँडावर हुतास. चा पीत."
मी विचारलं, कधीपासून माहीत? म्हणे, "पयल्याच आठवड्यात कुणीतरी बोललं दवाखान्यात. त्यात काय? तू असतास तर दोगं पडलो असतो. चा पिलास त्ये बरं केलंस."
पाच महिने त्यांना माहीत होतं, आणि मी त्यातले चार महिने कुत्री शिकवत होतो. माफ केलं त्यांनी. मला ते घेता येईना. शिव्या दिल्या असत्या तर सोपं होतं. उठून गोठ्यात गेलो आणि कडब्याच्या पेंढीला लाथा घातल्या.

२४ जाने., शनिवार
सकाळी सुरेखा म्हणाली, उद्या मल्लप्पा येणार, कुत्रीला अंघोळ घाला. घातली.
संध्याकाळी शेवटचं म्हणून बांधावर फिरवायला नेली. पट्टा हातात.
ज्वारीत ताटं हलली. बाहेर आला. चांगला उजेड होता. एकच सुळा, डाव्या बाजूचा, पिवळा. साठ-सत्तर पावलं असतील. त्यानं माझ्याकडे बघितलं आणि परत खाली तोंड घालून खायला लागला. जसा काही मी तिथं नाहीच.
मिंचूला तो दिसला. सगळं अंग थरथरत होतं तिचं. पुढं गेली नाही. मान वर करून माझ्या तोंडाकडे बघत राहिली, मी काय म्हणतो त्यासाठी.
किती वेळ उभा होतो माहीत नाही. तो गेला. मी काहीच म्हटलं नाही. धर नाही आणि चल घरी पण नाही.
घरी येऊन मल्लप्पाला फोन लावला. म्हटलं, उद्या नको, ज्वारी अजून उभी आहे. पुढच्या रविवारी ये.
आबा खाटेवर जागेच होते. त्यांनी ऐकलं. कूस बदलून भिंतीकडे तोंड केलं.