सगळं ठीक आहे म्हणणारी मुलगी

ती. आत्यास,

साष्टांग नमस्कार. तुझे गुडघे कसे आहेत, वरच्या मजल्यावरच्या बाई अजून भरदुपारी पलंग सरकवतात का, आणि तू अजून छताला काठी आपटून उत्तर देतेस का, ते सविस्तर कळव. फोनवर तू 'बरी आहे, ठेव' एवढंच बोलतेस, म्हणून हे पत्र. पोस्टाचा भरवसा नाही, म्हणून हाती पाठवते आहे. आणणारीला तेवढी खुर्ची दे. तू चष्मा शोधून सावकाश वाच, कारण पत्र लांब आहे आणि त्यात आनंदाचं फारसं काही नाही.

माझं म्हणशील तर यंदा कॉलेजने मला ताई केलं आहे. घरातून पहिल्यांदाच कॉलेजात आलेली, परिस्थिती बेताची असलेली मुलं पहिल्याच वर्षी गळतात, म्हणून तिसऱ्या वर्षाच्या एकेकाच्या गळ्यात त्यातलं एकेक बांधलंय. (मलाच का निवडलं ते विचारू नकोस. मी त्या दिवशी दाराजवळ बसले होते.) सरांनी आम्हाला दिवसभर शिकवलं, की सल्ले द्यायचे नाहीत, खोटं बोलायचं नाही, नुसतं ऐकायचं. मला ते फार सोपं वाटलं. पण माझ्या वाट्याला आलेली मुलगी बोलेल तर शपथ. अभ्यास कळतो का? ठीक आहे ताई. जेवलीस का? ठीक आहे ताई. कॅन्टीनच्या मागच्या बाकावर आम्ही दोघी एकमेकींचं ऐकायला बसायचो आणि बोलायला कोणीच नसायचं. शेवटी मीच सुरू झाले. माझे दोन विषय राहिलेत, घरी सांगितलेलं नाही, रात्रीची झोप उडाली आहे, सगळं तिच्यापुढे ओकून टाकलं. तिने शांतपणे ऐकलं. सरांना हवी तशी ताई तीच निघाली. (विषयांचं बाबांच्या कानावर घालू नकोस. मी सांगेन, धीर आला की.)

पहिल्या तासाला ती डोळे उघडे ठेवून झोपायची. मी त्याचा दोष विषयाला दिला (तो आहेच तसा). मग ती यायचीच बंद झाली, तेव्हा मी पत्ता शोधत तिच्या घरी गेले. दोन गाड्या बदलून, दुसरी गाडी जिथून परत फिरते त्याच्याही पुढे चालत. हॉस्टेलात जागा न मिळाल्यामुळे ती रोज एवढ्या लांबून अंधारात निघून यायची, हे मला तिथे कळलं. इतके दिवस मी ऐकत होते ते काय, कोण जाणे. मागच्या आठवड्यात परतताना तिला गाडीत झोप लागली आणि गाडी तिच्यासकट डेपोत जाऊन उभी राहिली. झाडणाऱ्या बाईने उठवलं म्हणून कळलं. ती घरी पोचली दुसऱ्या दिवशी सकाळी. तोवर आईने अंथरूण धरलं होतं.

तिचे वडील गिलाव्याचं काम करतात. त्यांनी मला बसवलं, पाणी दिलं, आणि शिक्षणाचं महत्त्व या विषयावरचं माझं भाषण शेवटपर्यंत ऐकून घेतलं. मग विचारलं, तुमचा अभ्यास कसा चाललाय? खोटं बोलायचं नाही असं ठरलेलं, म्हणून सांगून टाकलं. ते म्हणाले, "मग तुम्हाला कोण समजावतं?" मी आणखी पाणी मागितलं. माणूस वाईट नाही गं. कॉलेजजवळ राहायची सोय झाली तर शिकू दे, म्हणाले, नाहीतर सोमवारपासून मावशीबरोबर लॉन्ड्रीत जाईल. पोरगी माझं भांडं उचलत म्हणाली, ठीक आहे बाबा. मला एवढा राग कधी आला नव्हता. पहिल्या गाडीत मी भरपूर रडले, दुसरीत बसायला जागा नव्हती.

त्यानंतर हॉस्टेलच्या बाईंपुढे हात जोडून झाले. त्यांच्याकडे जागा नाही. सरांकडे गेले तर सर म्हणाले, तू फार छान ऐकलंस.

बाकी सर्व क्षेम. काकांची आठवण येते. जिना जपून चढत जा.

तुझी,
भाची

ता. क. मागच्या खोलीत काकांचे उघडून ठेवलेले रेडिओ आहेत आणि ते गेल्यापासून तू त्या खोलीचं कुलूप काढलेलं नाहीस, हे मला ठाऊक आहे. मी मागते आहे ती तीच खोली. रेडिओ हलवायला नकोत. खिडकीखाली एका गादीपुरती जागा आहे, मी गॅलरीतून डोकावून पाहिली आहे. तुझ्याकडून कॉलेज चालत गाठता येतं.

ता. क. आणखी एक. वाचून पुरं झाल्याशिवाय तू पत्र आणणाऱ्याला दारातून हलू देत नाहीस (वीजबिलवाल्यालाही ताटकळत ठेवतेस), म्हणून एवढं लांबवलं. समोर खुर्चीवर बसली आहे ती तीच. आज कॉलेजात दाखला काढून न्यायला आली होती. मी म्हटलं, आधी माझं एवढं पत्र पोचव. यात काय लिहिलंय ते तिला माहीत नाही. परवा सोमवार आहे.

ता. क. शेवटचं. आता ती उठेल, गाडी सुटेल म्हणेल. तिला जेवलीस का असं विचारू नकोस. सरळ ताट वाढ.