धुरासाठी कापूस

२२ नोव्हेंबर २०२०, अकोट

पोचलो एकदाचे. अमरावतीहून एसटीनं निघालो ते दोन बॅगा, एक कुकर आणि मोईज घेऊन. मोईज म्हणजे माझा धाकटा भाऊ. अम्मी-अब्बा गेल्यापासून मी त्याची आपा कमी आणि हवालदार जास्त. शाळा बंद पडली तशी माझी चित्रकलेची नोकरी गेली, आणि आता जी मिळाली आहे ती कुणाला सांगायची सोय नाही. मी लढाया लावणार आहे!

घर वच्छलाकाकूंचं. खाली त्या, मागच्या दोन खोल्यांत आम्ही, आणि वर मोठी खोली. खोलीभर टेबल. त्यावर टेकड्या, नदी, पूल, एक गाव आणि बोटाएवढे शिपाई. हा सगळा पसारा काकूंच्या श्यामचा. तो पुण्यात असतो; तिथल्या खोलीत टेबल काय, पाहुणासुद्धा मावत नाही म्हणे. म्हणून टेबल इथे, खेळणारे पुण्यात, नागपुरात, बंगळुरात, आणि वर टांगलेला कॅमेरा. ते व्हिडिओ कॉलवर हुकूम सोडणार, मी शिपाई हलवणार, फासे टाकणार. श्यामनं बजावलंय की खेळणारा सांगेल ते मुकाट करायचं. हात माझे, डोकं त्यांचं. म्हटलं, शाळेत तरी वेगळं काय होतं!

खोलीला दुपारचं ऊन छान येतं. मला आवडली.

२९ नोव्हेंबर

पहिली लढाई झोकात झाली. तोफ उडाली की तिच्या तोंडाशी कापसाचा पुंजका ठेवायचा, तो धूर. टेबलाखाली कापसाचं अख्खं पोतं आहे, माझ्याआधी हे काम करणाऱ्यानं जिनिंगमधून, म्हणजे कापसातली सरकी काढायच्या कारखान्यातून आणलेलं. कापसाच्या गावात धुराला काय तोटा?

काकू चहा घेऊन आल्या आणि दारातच थबकल्या. आडव्या पडलेल्या शिपायांवर मी कापूस पसरला होता. म्हणाल्या, "मेलेल्याच्या नाकात कापूस घालतेत पोरी, खेळात काहून घालून राहिली?" आमच्यातही घालतात. पण शिपायाला नाक आहेच कुठे, असंही मनात आलं.

मोईजला गावाबाहेरच्या जिनिंगवर काम लागलं. बोंडअळीनं यंदा अर्धं पीक खाल्लं, तरी फाटकाबाहेर कापसाच्या गाड्यांची रांग लागलेली असते. त्याचं काम गंजीवर, म्हणजे घराएवढ्या ढिगातून कापूस खाली ओढायचा. संध्याकाळी येतो तेव्हा भुवयासुद्धा पांढऱ्या असतात. मी त्याला आजोबा म्हणते.

६ डिसेंबर

आज कॉलवर एक नवा खेळाडू होता. नाव नाही. त्याच्या चौकोनात नुसतं पांढरं. मला वाटलं, कॅमेरा भिंतीकडे वळलाय. आवाज गोधडीखालून आल्यासारखा. म्हणाला, माझ्याकडे शिपाई नाही, एक द्या.

सकाळीच मी गंमत म्हणून एक शिपाई मोईजसारखा रंगवला होता. हिरवा स्वेटर, वाकडा भांग, अगदी पुढे आलेले कानसुद्धा. तोच दिला. इथला नियम असा की एकदा दिलेला शिपाई लढाई संपेपर्यंत परत घेता येत नाही, आणि ही लढाई महिनाभर चालायची आहे. बाकीचे मात्र त्याच्याशी एक शब्द बोलले नाहीत. पुण्याची माणसं, काय बोलायचं!

१३ डिसेंबर

तो पांढरा रोज येतो. त्याचा हुकूम एकच, टेबलाच्या कोपऱ्यात आणखी धूर घाला. मी घालते. आता तिथे कापसाची छोटी गंजीच झाली आहे. हिरव्या स्वेटरवाल्या शिपायाला तो थोडा थोडा तिच्याकडे सरकवतो. म्हणजे मीच सरकवते. सांगेल ते करायचं.

आज श्यामला विचारलं, हे कोण? त्याच्याकडे तर असा चौकोन दिसतच नाही. कुणी बोलल्याचंही त्याला ऐकू आलेलं नाही. दोन दिवस आराम कर म्हणाला.

मोईज खोकतोय. त्याला आता गंजीच्या आतल्या बाजूला लावलंय.

१५ डिसेंबर

माझ्याआधी टेबलावर कोण होतं, ते काकूंना विचारलं. चुलीतलं लाकूड मागे ओढून त्यांनी सांगितलं. त्यांच्या बहिणीचा मुलगा, देवमन. दुपारी इथे लढाया लावायचा, उरलेल्या वेळी जिनिंगवर जायचा. गेल्या साली गंजी घसरली आणि तो तिच्याखाली गाडला गेला. जिनिंगवाल्यांना वाटलं, तो टेबलावर गेला असेल. घरच्यांना वाटलं, गंजीवर असेल. कोणी वेळेत शोधलंच नाही.

काकू म्हणाल्या, "त्याच्या नाकात कापूस घालाच लागला नाही, पोरी. पयलेच भरून व्हता."

आता कळलं. तो चौकोन भिंतीचा नाही. त्याच्या कॅमेऱ्याला कापूस चिकटलाय.

१८ डिसेंबर

शिपाई परत घ्यायला गेले. उचलेना. लोखंडाचा असावा तसा. लॅपटॉप बंद होता, तरी आवाज आला. एक आत गेला की एक बाहेर येतो, म्हणाला. चिडून नाही. अगदी दमलेल्या माणसासारखा. मला त्याची दयाही आली आणि घामही फुटला.

मोईजला सांगितलं, उद्यापासून जायचं नाही. तो पोट धरून हसला. आपा, तू भी ना, म्हणाला. खेळण्यातल्या शिपायासाठी रोजी सोडू का, असं विचारलं. मी रडले तेव्हा कबूल झाला. नाही जाणार म्हणाला.

१९ डिसेंबर, दुपार

त्याची चप्पल दारात नाही. मी आंघोळीला गेले तेवढ्यात निघाला.

वर आले. शिपाई गंजीला टेकलेला. हुकूम आला— नको म्हणाले. मोठ्यानं म्हणाले. पण माझा हात—

माझाच हात होता. मीच ढकलला.

नंतर

जिनिंगवर जाऊन आले. गंजी घसरली आहे. फाटक लावलंय, बाईमाणसाला आत सोडत नाहीत. माणसं फावड्यांनी उकरतायत, पण कुठल्या बाजूला उकरायचं तेच कुणाला माहीत नाही. सगळं पांढरं.

मला माहीत आहे तो कुठे आहे. म्हणून इथे टेबलापाशी परत आले.

देवमनचा चौकोन गेला. दुसरा आलाय. तोही पांढरा.

"आपा, कापूस काढ."

काढते आहे. दोन्ही हातांनी. पोत्यात नव्हता इतका निघतोय, संपत नाही— तो खोकतोय— आवाज बारीक होतोय—

एक आत गेला की एक बाहेर येतो.

नंतर

शिपाई रंगवला. घाईत, तरी जमला. केशरी ओढणी, गोल चष्मा. माझ्यासारखाच दिसतो. मोईज असता तर म्हणाला असता, नाक आणखी मोठं कर.

गंजीत ठेवला. स्वतःच्या हातानं. या वेळी कुणाचा हुकूम नव्हता.

खालून काकू ओरडतायत. सापडला, जित्ता हाये वं! फोन आला. जित्ता हाये!

या अल्लाह. शुक्र.

स्क्रीनवर माझा चौकोन कडेकडेनं पांढरा होतोय. तोंडात धागे. सरकीचा वास. पायऱ्या दिसत नाहीत, दार कुठल्या—

मोईज, हे वाच. टेबल जाळून टाक. कधी कॉलवर पांढरं दिसलं आणि आतून माझा आवाज आला, तरी मला शिपाई देऊ नकोस. मी रडले तरी. मी कितीही म्हणाले की मोईज, कापूस का—