बिल्टीवर अप्पांचं नाव

नांदेड, ९ मार्च २०१७

मृत्युंजय दाजींना शरणार्थ.

निर्यातीच्या हळदीच्या ट्रकभाड्यावर भरलेला सेवाकर परत मिळतो, हे मी कुणाला न विचारता वाचून शिकलो. सेवाकर कचेरीतले साहेब म्हणाले, "ट्रकच्या बिल्टीवर तुमच्या फर्मचं नाव न्हाई." बिल्टी, म्हणजे मालाची पावती, तुमच्या ट्रान्सपोर्टनं फाडलेली, म्हणून लातूरला चार ड्रायव्हरांदेखत तुम्हाला बोललो, "दाजी, ट्रक चालवणं निराळं, लिहिणं निराळं." तुम्ही "हाव, बरं" एवढंच म्हणालात.

आज माझीच चिठ्ठी सापडली. पहिला माल वारलेल्या वडिलांच्या नावानं जावा, म्हणून अप्पांचं नाव मीच लिहून दिलं होतं.

दुरुस्तीवर तुमची सही लागते. परताव्याच्या अर्जाची मुदत उद्या संपते. फोन तीनदा उचलून ठेवला. पत्र उद्यापर्यंत पोचत नाही, सही मागितल्यासारखं होत नाही, म्हणूनच एवढं लिहू शकलो.

तुमचा मेहुणा,
संगमेश्वर