शेवटच्या टेबलाची शून्यं

३ तारीख, सोमवार

माझं टेबल मोजलं. मला न विचारता! मी चहाला गेले तेवढ्यात लांबी, रुंदी, टेबलापासून मशीनपर्यंतची पावलं, सगळं मोजून मोकळे. परत येते तो जमिनीवर पिवळी पट्टी चिकटवलेली — जसा काही तिथे खून पडला होता. आणि मोजणारी परकी नाही. माझीच नात.

आमच्या कारखान्यात उंचावर काम करणाऱ्यांचे पट्टे होतात. खांद्याला, कमरेला, मांडीला बांधायचे आणि दोरीला अडकवायचे. माणूस घसरला तर पट्ट्यानं धरायचं. बाया शिवतात, आणि माल शेवटी माझ्याकडे येतो. मी ओढून बघते, शिक्का मारते. एकोणतीस वर्षं. माझ्यानंतर बघणारं कोणी नाही.

नात वरच्या ऑफिसात इंजिनियर आहे. कंपनीनं तिला कोर्सला घातलंय. ब्लॅक बेल्टचा, म्हणाली. मी विचारलं, काळे पट्टे कोणी मागवले? आपले केशरी आहेत ते बरे, काळ्या पट्ट्यातला माणूस खालून दिसायचा नाही. ती इतकी हसली की पाणी नाकातून आलं. ते पदवीचं नाव आहे म्हणे. पट्टा देतच नाहीत. कागद देतात.

ही वही तिनंच दिली. दिवसभरात काय काम केलं ते लिहून ठेव, प्रकल्पाला लागेल. शाळा माझी चौथीत सुटली, पण लिहिता येतं. कामाचं मात्र लिहिणार नाही. मनात येईल ते लिहीन.

५ तारीख

कोर्स काय आहे ते आज नीट विचारलं. कामात जे वाया जातं ते शोधायचं आणि काढून टाकायचं. बस्स. एवढ्यासाठी तीन महिने आणि चष्मेवाले एक सर.

माझी मशीनपर्यंतची सात पावलं वाया जातात, असं तिनं मला सांगितलं. मी म्हटलं, तेवढंच चालणं होतं दिवसभरात.

सरांनी शिकवलंय, दहा लाख वस्तू केल्या तर चुका तीन पूर्णांक चारच्या वर जाता कामा नये. तीन माणसं कळली. ते पूर्णांक चार कोणाचे, ते विचारायचं राहिलं.

पास झाली तर गुणवत्ता विभागाची प्रमुख होईल. नाही झाली तर बाहेरचा माणूस आणतील. सतरा तारखेला परीक्षा आहे, सगळ्या साहेबांसमोर प्रकल्प मांडायचा. तोवर घरात मोठ्यानं खोकायचंसुद्धा नाही, असा सुनेचा हुकूम आहे. मी हळू खोकते.

७ तारीख

आज घड्याळ घेऊन माझ्या डोक्याशी उभी. एका पट्ट्याला चाळीस सेकंद. तासभर मोजलं. दोष सापडले — शून्य. तसं तिनं लिहून घेतलं.

दोष दोन होते. ती घड्याळाकडे बघत होती तेव्हा मी ते पट्टे पायाखालच्या क्रेटमध्ये सरकवले. जेवणाच्या सुट्टीत मशीनवर बसून टाके घातले, शिक्का मारला. मग जिच्या हातचे होते तिच्या कानात जाऊन सांगितलं, बाई, सुई बदल. रोजच असं चालतं. रजिस्टरात 'दोष' असा रकाना आहे. त्यात मी शून्य घालते.

म्हणून ही वही तिला द्यायची नाही.

८ तारीख

सून म्हणाली, आई, तुम्ही एवढं काय लिहिता? म्हटलं, भाजीचा भाव.

१० तारीख, सोमवार

नातीनं चार वर्षांची रजिस्टरं काढली आणि माझी सगळी शून्यं एका कागदावर मांडली. आलेख म्हणतात त्याला. फरशीसारखा सपाट! तो ऑफिसात भिंतीवर लावलाय. सरांनी पाठ थोपटली म्हणे.

संध्याकाळी माझ्याजवळ येऊन बसली. मुलगा आणि सून नेमके त्याच वेळी गच्चीवर कपडे काढायला गेले. दोघांना मिळून चार कपडे होते. तेव्हाच मी समजले.

जी तपासणी चार वर्षांत काहीच शोधत नाही, ती तपासणी वाया — असा तिचा प्रकल्प आहे. शेवटचं टेबल उचलायचं. माल शिलाईतून थेट खोक्यात. रोजचे साडेचार तास वाचतात. बुधवारपासून चाचणी.

"मी नाही उचलत आजी, आकडे उचलतात."

"आकड्यांना हात असतात हे कोर्सात शिकवलं वाटतं."

ती हसली नाही. मला पॅकिंगला बसवणार आहेत. लेबलं चिकटवायची, बसून. गुडघ्यांना आराम पडेल, असं सुनेनं आल्या आल्या सांगितलं. गुडघे काही बोलले नव्हते.

११ तारीख

आज पहिल्यांदा दोष रेघा मारून मोजले. चौदा. चारशेतले.

टेबल गेलं तर जाऊ दे. लाकूड आहे. पण चौदा.

१२ तारीख

टेबल नाही. पिवळी पट्टी तेवढी आहे.

पॅकिंगला माल बंद खोक्यातून येतो. मी लेबल लावायचं, हमालानं गाडीत टाकायचं. पट्टा हाताला लागतच नाही. दुपारी शिलाईतली वेणीवाली पाणी प्यायच्या निमित्तानं माझ्याकडे आली. म्हणाली, मावशी, सकाळपासून मला कोणी काहीच बोललं नाही, माझं सगळं बरोबर चाललंय का? एकवीस वर्षांची पोर. हात चांगला आहे, पण दोरा संपत आला की घाई करते. तिला माझ्या कानातल्या बोलण्याची सवय. आता तिला कोण सांगणार? आलेख?

ती गेल्यावर मी तीन खोकी फाडली. चार पट्टे वाईट निघाले. एकाची मांडीची शिलाई माझ्या हातात उसवली. ह्या हातात! पैलवान नव्हे मी.

तो घरी आणलाय. पिशवीत आहे.

१३ तारीख, गुरुवार

आज सांगून टाकलं.

नात सकाळी परीक्षेचं बोलायची तयारी करत होती, आरशासमोर. मी पट्टा पलंगावर टाकला आणि म्हटलं, ओढ. तिनं ओढला. आणखी उसवला. विचारलं, हा कुठला? म्हटलं, कालचा. तुझ्या चाचणीतला. रोज दहा-बारा असतात, कधी चौदा. मी शिवते.

खाली बसली. सरांनी त्यांना शिकवलंय की चूक सापडली की पाच वेळा 'का' विचारायचं, पाचव्याला मूळ सापडतं. तिनं तेच सुरू केलं. मला वाटलं रडेल, पण नाही. कोर्सचा उपयोग झाला म्हणायचा.

शून्य का लिहिलंस? म्हटलं, एक लिहिला की दुसरा फॉर्म भरावा लागतो. मग तो का नाही भरलास? त्यात शिवणारीचं नाव लिहायचं असतं. मग नाव का नाही लिहिलंस? जिचं नाव जातं तिला त्या दिवशी घरी पाठवतात, हा नियम तुझ्याच ऑफिसातून आलाय. पाठवू दे ना, का नाही पाठवायचं? म्हटलं, दुसऱ्या दिवशी ती घाबरत शिवते, आणि घाबरत शिवलेला पट्टा मी माझ्या शत्रूला बांधणार नाही.

तिनं पट्टा खाली ठेवला. मग पाचवा.

"मला का नाही सांगितलंस?"

"तू विचारलं नाहीस. तू घड्याळ लावलंस."

न्याहारी तशीच राहिली. सुनेनं दारातून दोनदा डोकावलं. शेवटी नात म्हणाली, आजी, सोमवारी परीक्षा आहे. आता सांगितलं तर प्रकल्पच उरत नाही. परीक्षा होऊ दे, मंगळवारी मी स्वतः साहेबांना सांगते, टेबल परत आणते. चार दिवस.

मी तिला बोलले असते. जीभ आहे मला. पण ती सहावीत असल्यापासून तिला रात्रंदिवस अभ्यास करताना मीच बघितलंय, आणि शून्यंही माझीच.

बरं म्हटलं.

चार दिवसांत किती माल जातो ते मोजलं नाही. मोजता आलं असतं.

१५ तारीख

आज एकवीस खोकी उघडून बघता आली. सत्तावीस तशीच गेली. गाडी माझ्यासाठी थांबत नाही. हमाल म्हणाला, मावशी, तुम्हाला लेबल लावायचंय की ऑपरेशन करायचंय?

काल किती गेली ते लिहीत नाही.

१७ तारीख, सोमवार

पास झाली. शंभरात एक्क्याण्णव.

सरांनी सगळ्यांसमोर सांगितलं, इतका स्वच्छ आलेख मी पाहिला नाही. मुलानं पेढे आणले. सून शेजारी सांगून आली, वरच्या मजल्यावर सांगून आली, खालच्यांना फोन केला. कागद चौकटीत बसवायला दिलाय.

नातीनं माझ्या तोंडात पेढा घातला आणि माझ्याकडे बघितलं नाही. मी खाल्ला. गोड होता.

१८ तारीख

शब्दाला जागली. सकाळी नऊला साहेबांच्या खोलीत गेली, पावणेअकराला बाहेर आली. तोंड पांढरं. साहेब ओरडले नाहीत म्हणे. हळू बोलले. ते वाईट असतं.

दुपारी टेबल आलं. एक पाय मोडून आणलाय, खाली पुठ्ठा घातला. तो नाव लिहायचा फॉर्म बंद केला. दोष दिसला की मी आकडा लिहायचा, नाव नाही. आज नऊ लिहिले. एकोणतीस वर्षांत त्या रकान्यात पहिल्यांदा नऊ काढला, शेपूट उलटं गेलं.

बुधवारपासूनचा सगळा माल परत मागवलाय. नात स्वतः फोनवर बसली होती. पाच गिऱ्हाइकांपैकी चौघांचा परत निघाला. पाचव्याचा माणूस म्हणाला, पट्टे कामावर वाटलेत, संध्याकाळी गोळा करतो.

१९ तारीख

पाचव्याचा फोन नाही. नातीनं सहा वेळा लावला.

२० तारीख, गुरुवार

पाचव्याकडचा रंगारी सहाव्या मजल्यावरून सुटला. मांडीची शिलाई गेली. खांद्याच्या पट्ट्यानं धरलं म्हणून चौथ्या मजल्याशी लोंबकळत राहिला, खिडकीतून आत ओढला. जिवंत आहे. डावा हात वाचतो की नाही ते डॉक्टर उद्या सांगतील. त्याची बायको कारखान्याच्या फाटकाशी येऊन बसली आहे.

उद्या दहाला चौकशी. मुलगा म्हणतो वकील करू, सून म्हणते सगळं आईंवर ढकला, त्यांना ह्या वयात कोण काय करणार. दोघांना गप्प केलं. शून्यांबद्दल विचारतील तेव्हा मी बोलणार, दुसऱ्या कोणी तोंड उघडायचं नाही. आणि चार दिवसांबद्दल विचारतील तेव्हा नातीनं उभं राहायचं आणि उत्तर तिनंच द्यायचं — साहेबांना नंतर, आधी फाटकाशी जाऊन त्या बाईला.