कॅप्टन डॅडी आणि साडेदहाचा डॉल्फिन

५ जानेवारी, रविवार
नवी वही. संकल्प एकच, पण भक्कम. फेब्रुवारीतल्या क्रूझवर आमची डेला डॉल्फिनबरोबर पोहणार. बुकिंग मी करणार. इतर कोणी त्यात नाक खुपसायचं नाही.

गेल्या वर्षीचा प्रकार एकदाच लिहितो आणि विषय संपवतो. "जहाजावर चढल्यावर बघू," असं मी म्हणालो होतो. चढल्यावर सगळ्या जागा भरलेल्या. यात माझी चूक नाही. लोकांना हल्ली कामधंदे नाहीत, सहा-सहा महिने आधी बुक करून बसतात. डेला तेव्हा सात वर्षांची. केबिन आवरणाऱ्या माणसाने तिची समजूत घालायला टॉवेलच्या घड्या घालून एक डॉल्फिन करून ठेवला. त्याला मिठी मारून ती रडली. दुसऱ्या दिवशी मी आंघोळीला तोच टॉवेल घेतला, तेव्हा पुन्हा रडली.

या वर्षी असं होणार नाही. तिला शब्द दिलाय. करंगळीत करंगळी अडकवून.

८ जानेवारी, बुधवार
मार्लाचं (बायको) म्हणणं, "गार्लंड, जहाजाच्या काउंटरवरून घे ना बाबा. नेतात तेच, आणतात तेच. डोक्याला ताप नाही." मी तिला शांतपणे समजावलं की जहाजाचं काउंटर म्हणजे ज्यांना स्वतःचं डोकं नाही त्यांची सोय. कोझुमेल बेट तेच, डॉल्फिन तोच, मध्ये उगाच एक युनिफॉर्मवाली बाई. मी गॅरेजची दारं बसवण्याच्या धंद्यात वीस वर्षं आहे. अर्ध्या वेको शहराची दारं माझ्या हाताखालून गेलीत. मला एक डॉल्फिन बुक करता येऊ नये?

मार्ला "बरं" म्हणाली. पटलेलं दिसतंय.

१४ जानेवारी, मंगळवार
बुकिंग झालं! थेट तिथल्या डॉल्फिन पार्कशी. १८ फेब्रुवारी, सकाळी साडेदहा. दोन जागा.

दोन अशासाठी, की दहा वर्षांखालच्या मुलाबरोबर एक मोठं माणूस पाण्यात असलंच पाहिजे असा त्यांचा नियम. अतिरेकी नियम आहे. पण नियम तो नियम. डेला नाचतच आली, "म्हणजे तू पण येणार डॅडी? पाण्यात? माझ्याबरोबर?" मी म्हटलं, अर्थात.

फॉर्मवर प्रश्न होता, पोहता येतं का. पर्याय तीन: नाही, थोडंफार, उत्तम. मी 'उत्तम'वर टिक केली. तसं बघितलं तर मला पोहता येतंच. फक्त मध्ये सवय सुटलीय.

२० जानेवारी, सोमवार
पोहण्याच्या सरावाचं वेळापत्रक केलं. आठवड्यातून चार दिवस, क्लबचा तलाव, पहाटे सहा. फ्रिजवर लावलं.

२२ जानेवारी, बुधवार
तलावावर गेलो. शिडीवर उभं राहून पाण्याचा अंदाज घेतला. क्लोरीन फार. डोळ्यांना बरं नव्हे. शेजारच्या गरम पाण्याच्या टबात वीस मिनिटं बसलो. तेही पाणीच.

२९ जानेवारी, बुधवार
तीन वेळा टब. प्रगती चांगली.

सासूबाई तिथे भेटल्या. वेल्मा, वय एकाहत्तर. त्या म्हाताऱ्यांच्या वर्गाला येतात. गाणी लावून पाण्यात उड्या मारतात. मला टबात बघून म्हणाल्या, "काय रे गार्लंड, शिजलास की नाही अजून?" मी म्हटलं, मॅडम, माझा उजवा खांदा धरलाय, डॉक्टर सावकाश घ्यायला सांगतात. डॉक्टरांना अजून विचारलेलं नाही, पण विचारलं असतं तर तेच म्हणाले असते.

सासूबाई पण येतायत क्रूझवर. हे मला आजच कळलं. मार्ला म्हणाली, डिसेंबरमध्येच सांगितलं होतं.

७ फेब्रुवारी, शुक्रवार
टी-शर्ट छापून आले. चार. पुढे 'प्रुइट डॉल्फिन मोहीम'. माझ्या पाठीवर 'कॅप्टन डॅडी'. सासूबाईंचा एक नंबर लहान निघाला. त्यांनी मुद्दाम चुकीचं माप सांगितलं असणार.

सरावाचा कागद फ्रिजवरून खाली पडला होता. पुन्हा लावला नाही. एव्हाना सगळं पाठ आहे. शिवाय लाइफ जॅकेट तेच देतात. जॅकेट घातल्यावर माणूस बुडतच नाही. म्हणजे पोहणं हा मुद्दाच उरत नाही.

१६ फेब्रुवारी, रविवार, गॅल्व्हस्टन बंदर
चढलो! आमच्या समोरच्या केबिनमध्ये टल्साचं बॅक्स्टर कुटुंब. सहा जण, पिवळे टी-शर्ट, केबिनच्या दारावर चुंबकाचे मासे चिकटवलेत. तेही डॉल्फिनला जाणार, पण जहाजाच्या काउंटरतर्फे. मी बॅक्स्टरच्या खांद्यावर हात ठेवून म्हटलं, "पुढच्या वेळी मला विचार." तो म्हणाला, "नक्की विचारतो साहेब." चांगला माणूस आहे, पण मेंढरं ती मेंढरंच.

१७ फेब्रुवारी, सोमवार, समुद्रात
दिवसभर स्पीकरवरून एकच रेकॉर्ड: उद्या बेटावर जहाजाचं घड्याळ बदलणार नाही, जहाजाचीच वेळ पाळा, नाहीतर जहाज चुकेल. तीनदा सांगितलं. मी पहिल्या वेळीच मान डोलावली होती.

जेवताना सगळ्यांना ताकीद दिली. उद्या फोन बंद. फोनला बेटाचा सिग्नल मिळाला की तो आपल्या मनाने वेळ बदलतो आणि मग माणसांचा घोळ होतो. उद्या अधिकृत वेळ एकच, माझ्या मनगटावरची. सासूबाईंनी विचारलं, "आणि त्या डॉल्फिनवाल्यांचं घड्याळ कुठलं रे?" मी म्हटलं, मॅडम, जहाजाची वेळ म्हणजे जहाजाची वेळ. त्यांनी आणखी एक पाव घेतला.

डेलाने मला डॉल्फिनची माहिती सांगितली. डॉल्फिन अर्ध्या मेंदूने झोपतो. मग विचारलं, "आपण पाण्यात गेल्यावर तू माझा हात धरशील ना?" मी म्हटलं, घट्ट.

जेवण नीट गेलं नाही. जहाज हलतंय म्हणून.

१८ फेब्रुवारी, मंगळवार, कोझुमेल. सकाळी ८.१५
डेकवर आहे. समुद्र स्वच्छ आहे. तळ दिसतो. इतका खोल तळ दिसायला नको होता. खांदा दुखतोय.

योजना: ९.३०ला उतरायचं, दहाला पार्कच्या दारात. अर्धा तास आधी. कॅप्टन डॅडी उशिरा पोचत नाही.

त्याच दिवशी, दुपारी २.४०
जे झालं ते क्रमाने लिहितो, म्हणजे कोणाची चूक हे आपोआप स्पष्ट होईल.

९.३०ला उतरलो. टॅक्सीवाला म्हातारा, गप्पिष्ट. म्हणाला, "साडेदहाचं बुकिंग? मग आता चाललात कुठे? पावणेअकरा होतायत की साहेब." मी मागे वळून घरच्यांना म्हटलं, याचं घड्याळ पळतंय, लक्ष देऊ नका. सासूबाईंनी त्याच्या घड्याळाकडे पाहिलं, माझ्या घड्याळाकडे पाहिलं आणि खिडकीबाहेर पाहायला लागल्या.

माझ्या घड्याळात बरोब्बर दहा वाजता दारात. समोरून कोण आलं? बॅक्स्टर. सहाच्या सहा, ओले चिंब, हातात फ्रेम केलेले फोटो. त्यांच्या लहान पोराने डेलाला सांगितलं, "त्याची जीभ रबरासारखी लागते." बॅक्स्टर मला म्हणाला, "तुमचं झालं का साहेब? दिसला नाहीत."

काउंटरवर इत्झेल नावाची मुलगी. तिने कागद पाहिला, भिंतीवरच्या घड्याळाकडे बोट केलं. अकरा वाजले होते. फेब्रुवारीत बेटाची वेळ आमच्या टेक्सासच्या एक तास पुढे असते म्हणे. साडेदहाचा गट पाण्यात जाऊन अर्धा तास झाला होता. मी तिला म्हटलं, जहाजाने तीनदा सांगितलं की जहाजाची वेळ पाळा. ती म्हणाली, "बरोबर आहे साहेब, जहाजात परत चढायला. आमचे डॉल्फिन बेटावर राहतात." मी म्हटलं, ग्राहकाला हे कुठेतरी लिहून कळवायला हवं. तिने माझ्याच कागदावर मला ते दाखवलं. लाल अक्षरात होतं. लाल रंगाकडे मी सहसा जाहिरात म्हणून दुर्लक्ष करतो.

इथे एक गोष्ट लिहायची की नाही, विचार करतोय. गट गेला असं ती म्हणाली तेव्हा मला क्षणभर फार हलकं वाटलं. खांदाही दुखायचा थांबला. उन्हामुळे असेल.

मग डेलाकडे लक्ष गेलं. ती रडत नव्हती. 'प्रुइट डॉल्फिन मोहीम'च्या टी-शर्टमध्ये पायरीवर बसून चपलेचा पट्टा काढत होती आणि लावत होती. मार्ला माझ्याकडे पाठ करून तिच्याशेजारी जाऊन बसली. ती माझ्यावर ओरडली असती तर बरं झालं असतं.

इत्झेललाच दया आली. तिने कुठेतरी फोन केला आणि म्हणाली, "साडेबाराच्या गटात दोन जागा निघतायत. एक मुलगी, एक मोठं माणूस. आमच्या घड्याळाने साडेबारा बरं का. कोण उतरणार पाण्यात?"

डेलाने माझ्याकडे पाहिलं. सगळ्यांनीच पाहिलं.

मी म्हटलं, माझी तयारी आहेच, पण खांद्याचा प्रश्न आहे, सामानाजवळ कोणीतरी थांबायला हवं, आणि मोहिमेच्या प्रमुखाने किनाऱ्यावरून सगळीकडे नजर ठेवणं… वाक्य पुरं व्हायच्या आत सासूबाईंनी कानातली काढून माझ्या हातात दिली. मग श्रवणयंत्र. मग वरची कवळी. तोंडाचं बोळकं करून म्हणाल्या, "धर नीट. पाडशील." आणि डेलाचा हात धरून गेल्याही.

काठावरून पाहिलं. दोघी जॅकेट घालून पाण्यात. डॉल्फिनने सासूबाईंच्या गालावर तोंड टेकवलं तेव्हा त्या अशा काही किंचाळल्या की शिकवणारा पोरगा दचकला. मग डेलाला त्याने पाठीवर… म्हणजे तिने त्याचा पर धरला आणि तो तिला ओढत घेऊन गेला. ती हसत होती. इतकी मोठ्याने ती घरी हसत नाही. ती दोनदा काठाकडे वळून हात हलवून गेली. मला हात हलवता आला नाही, मुठीत कवळी होती.

फोटो घेतला. डेला, डॉल्फिन, बिनदाताच्या सासूबाई. मागे काठावर एक चप्पल दिसते. ती माझी आहे.

एकूण हिशेब: शब्द दिला होता, डेला पोहली. मोहीम फत्ते.

त्याच दिवशी, ७.३०, जेवणानंतर
मोहीम फत्ते असं दुपारी लिहिलं होतं. खोडलेलं नाही, पण पुरवणी जोडतो.

डेलाने वेटरपासून शेजारच्या टेबलापर्यंत सगळ्यांना डॉल्फिन सांगितला. त्याची कातडी ओल्या रबरी बुटासारखी, त्याच्या तोंडाला मासळी बाजारासारखा वास, मीमीने (म्हणजे सासूबाईंनी) त्याला "चल हट मेल्या" म्हटलं. सगळे हसत होते, मीही हसत होतो. मग ती माझ्याकडे वळून, अगदी साध्या आवाजात, "डॅडी, तुला पोहता येत नाही ना?"

मी खांद्याबद्दल सांगितलं. कुठला खांदा ते सांगताना माझा गोंधळ झाला.

ती आइस्क्रीम चमच्याने सपाट करत बसली. मग म्हणाली, "म्हणून गेल्या वर्षी पण बुक केलं नव्हतंस का?"

जेवण संपत आलं होतं. मी सूप मागवलं.

१९ फेब्रुवारी, बुधवार, समुद्रात. सकाळी ६.००
या वहीत मी सोडून कोणी डोकावत नाही, तेव्हा लिहायला हरकत नाही. मला पोहता येत नाही. कधीच येत नव्हतं. सहा वर्षांचा असताना काकाने ब्रॅझोस नदीत ढकललं होतं, "आपोआप येतं" म्हणून. आपोआप आलं नाही. गेल्या वर्षी जहाजावर चढण्याआधी तीन आठवडे जागा रिकाम्या होत्या. मी रोज बघत होतो. संपल्या त्या दिवशी मला गाढ झोप लागली.

पोरीला "बघू" म्हणून मी तिच्या वाट्याला टॉवेलचा डॉल्फिन आणला. लाज वाटते.

बाकी काही सुचत नाही. वही मिटतो.

त्याच दिवशी, सकाळी ११.१०
डेलाला सांगितलं. काकाचं, नदीचं, गेल्या वर्षीचं, सगळं. डेकवरच्या खुर्चीत बसून. वाटलं होतं रागावेल. ती थोडी रागावलीही, म्हणाली, "मग टॉवेल तरी वापरायला नको होतास." मग विचार करून म्हणाली, "चल."

लहान मुलांचा तलाव. पाणी माझ्या गुडघ्याच्या जरा वर. आजूबाजूला पाच वर्षांची पोरं, त्यातलं एक बॅक्स्टरचं. बॅक्स्टर स्वतः काठावर शीतपेय पीत बसला होता. सासूबाई त्याच्या शेजारच्या खुर्चीत, कवळी घालून, मजा बघायला. मी टी-शर्ट काढून ठेवला, 'कॅप्टन डॅडी' खाली झाकलं जाईल असा.

डेला म्हणाली, गुडघ्यावर बस, माझे हात धर, तोंड पाण्यात घाल, मी आकडे म्हणते, घाबरलास तर हात दाब. तिने घट्ट धरले.

तोंड घातलं. नाकात पाणी गेलं, कानात गेलं, बॅक्स्टरच्या पोराने टाळ्या वाजवल्या.

डेलाचं म्हणणं पाच सेकंद. माझ्या मते सात होते.