निळं परळ

माय, आज दुपारी कोंबड्यांच्या पाण्यात बोट घातलं आणि तुझी आठवण आली. पाणी चहाइतकं कोमट होतं. तू असतीस तर म्हणाली असतीस, "तुला दिलं तर पिशील का असलं?" कोंबड्या निंबाखाली चोची वासून धापा टाकत होत्या. मी पाणी ओतून दिलं, हापशावरून ताजं आणलं.

कोंबड्यांच्या पाण्याचं तुझं ते मातीचं पसरट परळ आता माझ्या सासरी, बाळापूरला आहे. तू ते ओल्या वाळूत अर्धं पुरायचीस, भोवती भिजवलेलं पोतं गुंडाळायचीस. परळ दिवसभर झिरपायचं, त्याच्यावर हिरवं शेवाळ चढायचं, आणि आतलं पाणी मात्र गार. मला त्या शेवाळाची भारी किळस यायची. दोन हजार साल उजाडायच्या आधीचा तो उन्हाळा. डोंगरकड्याहून पाहुणे मला बघायला येणार होते. दाराला लावून उरलेला निळा ऑइलपेंट होता. तू शेतात गेलेली बघून मी परळ घासलं, वाळवलं आणि बाहेरून दोन हात रंग दिला.

तू आलीस, डोक्यावरचा भारा खाली ठेवलास, आणि बघतच राहिलीस. "काहून रंगवलं गं?" म्हणालीस. माझ्या तोंडातून निघून गेलं, "तुझ्यासाठी, माय. तुला चांगलं दिसावं म्हणून." तू पदरानं हात पुसून परळावरून फिरवलास. तुला कुणी कधी काही रंगवून दिलं नव्हतं. पाहुणे पोहे खाऊन गेले, अंगणाकडं त्यांनी ढुंकूनही पाहिलं नाही.

चार दिवसांत अंड्यावर बसलेली तुझी तांबडी कोंबडी उन्हाच्या तावानं मेली. शेजारची काकी परळ पाहून म्हणाली, "रंगानं सगळी भोकं बुजली की. आता ते झिरपंल कसं अन् पाणी गार व्हईल कसं? फेकून दे." मी चुलीपाशी बसून ऐकत होते. आता तू मला झोडपणार, असं वाटलं. तू म्हणालीस, "लेकरानं जीव लावून रंगवलंय. काहून फेकू? पाणी बदलीत राहीन मी."

आणि बदलत राहिलीस. लग्नानंतर मी दर उन्हाळ्यात माहेरी यायची, तर तू भर उन्हात कळशी कमरेवर घेऊन हापशावरून येताना दिसायचीस, दिवसातून चार-चार वेळा. गुडघे धरून बसायचीस, पण नवं परळ घेतलं नाहीस. मी म्हणायची, "दे, मी आणते." तेवढंच म्हणायची. खरं सांगायला तोंड उघडायचं नाही माझं.

तू गेल्यावर भावजयीनं विचारलं, घरातलं काय पाहिजे? मी परळ मागितलं. ती हसली. आज काचपेपर घेऊन रंग खरवडायला बसले होते. चार बोटं जागा मोकळी झाली, खालची लाल माती दिसली, आणि हात थांबला. तू जे एवढं जपलंस ते मी कोण खरवडणारी? म्हणून पुन्हा वाळूत ठेवलं. पाणी मीही चार वेळा बदलीन.

हे पत्र कुठं टाकू? घडी करून पिठाच्या डब्याखाली ठेवते. माय, ते तुझ्यासाठी रंगवलं नव्हतं. पाहुण्यांपुढं मला आपल्या घराची लाज वाटली होती.